अठरा नावांपुढचे शेरे

जुने मास्तर वारले त्या वर्षी गायकवृंदात सेहेचाळीस माणसं होती. चपला शिवणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, दोन सोनार, शाळेतल्या बाया, एक मटणवाला. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दुकानांची शटरं ओढून ही मंडळी बुर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीतल्या शाळेचे तीन जिने चढत, धापा टाकत सभागृहात येत आणि दीड तास गात. पगार कोणाला नव्हता, परीक्षा कोणाची नव्हती. जुने मास्तर म्हणायचे, "गळा देवाने दिलाय, वेळ तुम्ही देताय. मी कोण तक्रार करणारा?"

हेर्मिने तिथे तेहेतीस वर्षं गात होती. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला होती. मेण तापवायचं, साचा घ्यायचा, घासून घासून बरोबर करायचं. केसाएवढी चूक झाली तरी गिऱ्हाइकाला पाव चावता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईचं केलं. आई गेल्यावर कारखाना आणि गाणं एवढंच उरलं.

तिला गायला आणलं होतं नवार्तने. तेव्हा शहरात यादवी युद्ध पेटून दोन वर्षं झाली होती. वर रस्त्यावर गोळीबार चालायचा आणि खाली शाळेच्या तळघरात तालीम. नवार्त तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, शिवणकाम करणारी, तोंडाने फटकळ, आवाजाने दणकट. बायकांमधला खालचा आवाज, आल्टो, तो खरं तर नवार्तच्या खांद्यावर उभा होता. तिला नोटेशन धड वाचता येत नसे, पण एकदा ऐकलेलं विसरत नसे. हेर्मिने तिच्या डाव्या हाताला उभी राही. हेर्मिनेचा सूर चुकला की नवार्त वळूनसुद्धा न बघता तिच्या कोपराला चिमटा काढी. चांगला जोरात. सगळ्यांच्या देखत. बाकीच्या बाया हसत, हेर्मिनेही हसे. कोपर मात्र घरी गेल्यावर चोळत बसे.

नवे मास्तर आले ते शिराग. चौतीस वर्षांचे, आर्मेनियात, येरेवानला, सहा वर्षं संगीत शिकून आलेले. पहिल्या तालमीला त्यांनी चार ओळी ऐकल्या आणि हात खाली घेतले.

"हे गाणं नाही," ते शांतपणे म्हणाले, "हा भाजीबाजार आहे. जो तो आपला माल ओरडतोय."

मटणवाला मोठ्याने हसला. बाकी कोणी हसलं नाही.

तालीम संपल्यावर शिराग हेर्मिनेकडे आले. सगळ्या गाण्यांचे कागद फायलीत ओळीने लावून ठेवणारी ती एकटीच आहे, हे त्यांनी हेरलं होतं.

"ओरिओर्त हेर्मिने," लग्न न झालेल्या बाईला म्हणतात तसं ते अदबीने म्हणाले, "मला चार गटप्रमुख हवेत. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, प्रत्येकाला एक. शनिवारी दुपारी प्रत्येक गटाची वेगळी तालीम होईल. कोण कुठे अडतं ते गटप्रमुखाला ठाऊक हवं. ही सगळी व्यवस्था तुम्ही लावा. माणसं तुम्हीच निवडा."

"मी?" हेर्मिने म्हणाली. "अहो, नवार्त आहे की. तिला सगळे—"

"मला लाडक्या बाई नकोत. नीट काम करणाऱ्या बाई हव्यात."

त्या संध्याकाळी ती जिना उतरली ती जरा हळूच उतरली. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला कोणी कशासाठी निवडलं नव्हतं.

तीन गटप्रमुख पटकन ठरले. बायकांच्या वरच्या आवाजाला, सोप्रानोला, शाळेतल्या संगीताच्या बाई, पुरुषांच्या खालच्या आवाजाला, बासला, थोरला सोनार आणि वरच्या आवाजाला, टेनरला, ह्राइर. ह्राइर चपला शिवायचा. साठीचा, गोड गळ्याचा, सगळ्यांचा दोस्त. राहिला आल्टो. नवार्तशिवाय दुसरं नाव कोणाच्या डोक्यातही नव्हतं. हेर्मिने दोन दिवस कागद समोर घेऊन बसली. नवार्तला नोटेशन येत नाही, हे खरं होतं. नवार्त वही ठेवणार नाही, हेही खरं होतं. तिसऱ्या दिवशी तिने आल्टोपुढे स्वतःचं नाव घातलं.

नवार्तला सांगायला ती तिच्या घरी गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवार्त कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याला मणी लावत होती.

"अगं, सुटले मी!" नवार्त म्हणाली. "मला वाटलं ते घोंगडं माझ्याच गळ्यात पडणार. तूच हो प्रमुख. तुला आवडतं असलं लिहीत बसायला."

"तुला वाईट नाही ना वाटलं?"

"वाईट कसलं? कॉफी ठेव आधी. माझे हात अडकलेत."

हेर्मिनेने कॉफी ठेवली, दोघींनी प्यायली, शेजारणीची टिंगल केली. सगळं नेहमीसारखं झालं. पण पुढच्या शुक्रवारी एका अवघड जागी हेर्मिनेचा सूर घसरला तेव्हा नवार्तने चिमटा काढला नाही. समोर बघून गात राहिली.

व्यवस्था मात्र हेर्मिनेने अशी लावली की बोलायची सोय नाही. शनिवारी दोनला आल्टो, तीनला सोप्रानो, चारला टेनर, पाचला बास. प्रत्येक गटप्रमुखाला एक वही. वहीत प्रत्येकाचं नाव आणि पुढे शेरा: कुठे अडतो, काय शिकवायला हवं. एकेकाला एकटं उभं करून आठ ओळी म्हणून घ्यायच्या. पहिल्या शनिवारी एक बाई रडली, मटणवाला म्हणाला मी काय शाळेत आलोय का. पण दोन महिन्यांत गाणं खरोखर उजळलं. शिराग मास्तर हात खाली न घेता तीन-तीन पानं पुढे जाऊ लागले. "बघा," ते हेर्मिनेला म्हणाले, "हे तुमचं काम आहे."

महिनाअखेरीला वह्या गोळा झाल्या. ह्राइरची वही उघडून हेर्मिनेच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्राइर, हे काय? अकरा नावं आणि अकराही जणांपुढे 'चांगला'?"

"मग चांगलेच आहेत."

"तो कोपऱ्यातला घड्याळवाला? तो अर्धा वेळ बासचा सूर धरतो."

"बाई, तो माणूस सकाळी सातपासून डोळ्याला भिंग लावून बसतो. संध्याकाळी तीन जिने चढून गायला येतो. याला चांगला नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?"

"अशाने तो सुधारणार कसा?"

"सुधारायला कोण आलंय इथे?" ह्राइर म्हणाला. "मी तर जरा बरं वाटावं म्हणून येतो."

हेर्मिनेने वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी ती स्वतः टेनरच्या तालमीला बसली आणि अकरा जणांचे शेरे स्वतः लिहिले. ह्राइर खिडकीशी उभा राहून सिगारेट ओढत होता.

मग शिराग मास्तर म्हणाले की चारही वह्यांची एक स्वच्छ प्रत करून द्या. "अगदी मोकळेपणाने लिहा. हे तुमच्या-माझ्यातच राहील. डॉक्टरला दुखणं लपवून चालत नाही."

तिने तीन रविवार बसून प्रत केली. आल्टोच्या पानावर नवार्तचं नाव आलं तेव्हा पेन थोडा वेळ थांबलं. नवार्तचा आवाज उतरू लागला होता. गाणं लांबलं की शेवटी शेवटी ती पाव सुराने खाली येई, आणि आवाज दणकट असल्यामुळे शेजारच्या चौघींना बरोबर खाली ओढी. हे हेर्मिनेला केव्हापासून कळत होतं. तिने लिहिलं: 'वयामुळे सूर उतरतो. स्वतःला कळत नाही. आवाज मोठा असल्याने गटाचं नुकसान होतं. मागच्या रांगेत, कडेला उभं करावं.' लिहून झाल्यावर तिने ते पुन्हा वाचलं. सगळं बरोबर होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, लिहिताना तिला कुठेतरी बरं वाटलं होतं. ते तिने स्वतःशीही फार मान्य केलं नाही.

मार्चमध्ये येरेवानहून बोलावणं आलं. उन्हाळ्यात जगभरच्या आर्मेनियन गायकवृंदांचा मेळा भरणार होता. सभागृहात टाळ्या पडल्या, कोणी रडलं, मटणवाल्याने शुक्रवारी सगळ्यांना सुजुक नावाच्या मसालेदार सॉसेजचे पाव खाऊ घातले. मग दोन आठवड्यांनी पत्र आलं की प्रत्येक वृंदाने फक्त अठ्ठावीस माणसं आणावीत. राहायची सोय तेवढीच आहे.

सेहेचाळिसातून अठरा गाळायची. गायकवृंदाचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे चिटणीस होते गार्बिस. नव्या घड्याळांचं मोठं दुकान, पोट पुढे, आणि कोणाशी वाईटपणा घ्यायची प्रकृती नाही. लोक त्यांना रस्त्यात गाठू लागले. याची बायको, त्याचा मेव्हणा, यांच्या वडिलांनी सभागृहाला पंखे दिले होते. गार्बिस आठ दिवस लपत फिरले. नवव्या दिवशी ते शिराग मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, यादी द्या. मास्तरांनी हेर्मिनेची प्रत काढली, अठरा नावांपुढे लाल टिंब दिलं आणि ती तशीच गार्बिसच्या हातात ठेवली.

शुक्रवारी हेर्मिने आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर, दाराशेजारच्या सूचनांच्या फळ्यासमोर गर्दी होती. तिला बघून माणसं बाजूला झाली.

फळ्यावर यादी नव्हती. फळ्यावर तिची प्रत होती. चारही पानं, छायाप्रत काढून, टाचण्यांनी टोचलेली. तिचं नीटनेटकं, डावीकडे कललेलं अक्षर. लाल टिंबं छायाप्रतीत काळी आली होती. घड्याळवाल्याचं: 'कान नाही. शिकवून उपयोग नाही.' मटणवाल्याचं: 'गातो कमी, ओरडतो जास्त.' रडलेल्या बाईचं: 'भित्री. नसली तरी चालेल.' खाली गार्बिसनी वेगळ्या पेनाने लिहिलं होतं: 'ही निवड मंडळाने केलेली नसून गटप्रमुखांनी केली आहे.'

तिने हात पुढे करून पानं उपटली. एक टाचणी बोटात शिरली.

"राहू दे की," मागून मटणवाल्याचा आवाज आला. "सगळ्यांचं वाचून झालंय."

तिने वळून नवार्तला शोधलं. नवार्त आली होती, वाचून गेली होती.

शिराग मास्तर आत पियानोशी बसले होते. हेर्मिनेने पानं त्यांच्यापुढे टाकली.

"तुम्ही म्हणालात, तुमच्या-माझ्यात राहील."

"गार्बिसनी मूर्खपणा केला. मी त्यांना बोललो."

"बोललात? माणसं तोंड दाखवणार नाहीत आता. मला तोंड दाखवता येणार नाही."

मास्तरांनी पानं उचलली, सरळ केली. "ओरिओर्त हेर्मिने, एक सांगा. यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का?"

ती उभी राहिली. टाचणी रुतलेलं बोट तिने रुमालात धरलं.

"मग?" ते म्हणाले, आणि पियानोचं झाकण उघडलं.

नवार्तकडे ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. दार उघडंच होतं. नवार्त एका मुलीच्या झग्याची खालची शिवण बेतत गुडघ्यांवर बसली होती, ओठांत टाचण्या धरून. तिने मुलीची मापं पुरी केली, तिला वाटेला लावलं, टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. मग म्हणाली, "बस."

हेर्मिने बसली नाही. "नवार्त, ते फळ्यावर लावायचं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. गार्बिसनी—"

"गार्बिसचं राहू दे. माझा सूर उतरतो?"

हेर्मिनेने टाचण्यांच्या डबीचं झाकण लावलं.

"तुला विचारतेय. उतरतो?"

"लांबलं की. थोडासा."

"किती दिवस झाले?"

खोटं बोलायची ती वेळ होती. हेर्मिनेला ते पुढे पुष्कळदा वाटलं: दोन महिने म्हणाले असते तर? पण केसाएवढी चूक न करायची सवय. ती म्हणाली, "तीन वर्षं."

नवार्तने मान हलवली, जणू कोणी कापडाचा भाव सांगितला. "तीन वर्षं माझ्या शेजारी उभी राहिलीस. दर मंगळवार, दर शुक्रवार. इथे येऊन कॉफी प्यायलीस. मला नाही सांगितलंस. कागदाला सांगितलंस."

"तुला वाईट वाटेल म्हणून—"

"मी तुला चिमटे काढत होते ना? तेहेतीस वर्षं. वाईट वाटत असेल तुला, मला काय कळत नव्हतं? पण तू सुधारलीस की नाही? तू गुपचूप लिहून ठेवलंस. माझी शाळेची प्रगतीपुस्तकं मी नववीतच जाळली होती, हेर्मिने." ती उठली आणि टेबलावरच्या चिंध्या गोळा करू लागली. "जा आता. मला काम आहे."

हेर्मिने जिन्यात जरा वेळ उभी राहिली. वरून शिवणयंत्राचा आवाज आला नाही.

गाळलेल्या अठरापैकी कोणीही पुन्हा तालमीला आलं नाही. ह्राइरचं नाव अठ्ठाविसात होतं. त्याने वही हेर्मिनेच्या हातात ठेवली आणि सांगितलं, मी येत नाही. "मास्तरवर राग आहे का?" तिने विचारलं. "मास्तर आज आहे, उद्या नाही," तो म्हणाला. "मी घड्याळवाल्याच्या शेजारी राहतो." त्याच्या जागी कोणातरी सोप्रानोचा भाचा घेतला.

हेर्मिने मात्र गेली. आपण नसलो तर आल्टो कोसळेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. येरेवानच्या त्या मोठ्या सभागृहात अठ्ठावीस माणसं उभी राहिली आणि अशी गायली की गेल्या तेहेतीस वर्षांत गायली नव्हती. एकही सूर उतरला नाही. शेवटचा स्वर संपला तेव्हा क्षणभर कोणी टाळी वाजवली नाही, इतकं ते स्वच्छ होतं. हेर्मिनेच्या उजव्या हाताला एकोणीस वर्षांची, औषधशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. अगदी बिनचूक. टाळ्या पडत असताना त्या मुलीने फोन काढून कोणाला तरी संदेश पाठवला. हेर्मिनेला कोणाकडे तरी वळून काहीतरी बोलायचं होतं. वळण्यासारखं कोणी नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात शिराग मास्तरांना कॅनडात नोकरी लागली. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले की तुम्ही मला खूप शिकवलंत. औषधशास्त्रवाली दुबईला गेली, भाच्याला कंटाळा आला, थोरल्या सोनाराचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ईस्टरनंतर तालमीला चौदा माणसं उरली. मग गार्बिस हेर्मिनेच्या घरी आले, टोपी हातात घेऊन.

"त्या अठरांना परत बोलवायला हवं," ते म्हणाले. "तुम्ही जा. नावं तुमच्याकडेच आहेत."

"तुम्ही या माझ्याबरोबर."

"मी आलो तर लोकांना ते सगळं आठवेल," गार्बिस म्हणाले.

ती एकटी गेली. दर रविवारी चार-पाच दारं. मटणवाला काउंटरच्या आडूनच म्हणाला, "का हो, आता ओरडणारे लागतात वाटतं?" रडलेल्या बाईने दार अर्धंच उघडलं, नवरा झोपलाय म्हणाली. घड्याळवाला फेब्रुवारीत वारला होता. त्याच्या बायकोने हेर्मिनेला आत बसवलं, फोटो दाखवले आणि सांगितलं की त्यांना गाणं फार आवडायचं. तिला फळ्याचं काही ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून बोलली नाही, हे हेर्मिनेला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवार्तचं दार तिने सगळ्यात शेवटी वाजवलं.

नवार्तने दार उघडलं, जरा थांबली, आणि बाजूला झाली. "या," ती म्हणाली. "या ना, बसा."

तिने हेर्मिनेला दिवाणखान्यात नेलं. प्लास्टिकचं आवरण घातलेल्या त्या सोफ्यावर हेर्मिने आयुष्यात बसली नव्हती. तिथे गिऱ्हाइकांच्या सासवा बसत. नवार्त आतून ट्रे घेऊन आली. सोनेरी काठाचे लहान कप, शेजारी पाण्याचा पेला, बशीत चांदीच्या कागदातली दोन चॉकलेटं.

"साखर मध्यम घातलीय, तुम्ही घेता तशी," ती म्हणाली.

"नवार्त, मला 'तुम्ही' काय म्हणतेस गं?"

नवार्तने कप पुढे सरकवला. "घ्या. गार होईल."

हेर्मिनेने सगळं सांगितलं. चौदाच माणसं उरलीत, मास्तर गेले, मंडळाला सगळे परत हवेत. मग म्हणाली, "आणि मलाही हवीस. माझं चुकलं."

"चुकलं कुठे? सगळं बरोबरच होतं की. मी नंतर घरी एकटीच म्हणून बघितलं. मुलाने फोनवर भरून घेतलं, ऐकवलं. उतरतो खरा. तुमचा कान चांगला आहे."

"तरी ये. मागे नाही, माझ्या शेजारी उभी राहा."

"नाही हो," नवार्त अगदी सौजन्याने म्हणाली. "मी आता गात नाही. चर्चमध्येसुद्धा नाही. तोंड उघडलं की सुराच्या आधी तुमचं अक्षर डोळ्यांपुढे येतं. चॉकलेट घ्या ना एक."

हेर्मिनेने चॉकलेट घेतलं, कारण नाही कसं म्हणावं ते कळेना. कॉफी संपवली. नवार्त तिला दारापर्यंत पोचवायला आली, जिन्यातला दिवा लावून दिला आणि ती एक मजला उतरेपर्यंत दारात उभी राहिली, पाहुण्यांसाठी राहतात तशी.

अठरांपैकी कोणी परतलं नाही. शरद ऋतूत मंडळाने मंगळवार-शुक्रवारची वेळ मुलांच्या कराटेच्या वर्गाला दिली. गार्बिसनी तसं पत्र हेर्मिनेला पाठवलं. आता गटप्रमुख म्हणून तिचंच नाव उरलं होतं. तिने सही करून पोच दिली. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना नवार्त कधी कधी पायऱ्यांवर भेटते. "बऱ्या आहात ना?" ती विचारते, आणि हेर्मिने म्हणते, "बरी आहे." मग नवार्त डावीकडे जाते आणि हेर्मिने उजवीकडे.